ट्रक, राजीनामा आणि जेम्स कॅमेरॉन

‘स्टार वॉर्स’ बघितला, ट्रकची नोकरी सोडली आणि थेट ‘टायटॅनिक’! जेम्स कॅमेरॉनची गोष्ट आपण सगळ्यांनी अशीच ऐकलेली असते. तुमच्या ड्राफ्ट्समध्येही एखादा राजीनामा पडून असेल, तर ‘सेंड’ दाबण्याआधी या गोष्टीचा मधला भाग वाचा...

शुक्रवार. संध्याकाळचे सात. सीप्झबाहेरची टपरी, दोन कटिंग. समोर माझा ऑफिसातला मित्र. वय सत्तावीस, टेस्टिंग टीममध्ये. चहा यायच्या आत त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ड्राफ्ट्समध्ये एक मेल. विषय : रेझिग्नेशन.

‘‘सोमवारी पाठवतोय. बस झालं आता. फिल्म करायचीय मला.’’

‘‘घरी सांगितलंस?’’

‘‘अगं, घरी काय विचारायचं? जेम्स कॅमेरॉननं विचारलं होतं? ट्रक ड्रायव्हर होता तो. ‘स्टार वॉर्स’ बघितला, नोकरीला लाथ मारली. आणि आज बघ कुठाय!’’

आज कुठाय, ते तर सगळ्या जगाला माहितीय. जगात २०० कोटी डॉलरच्या पलीकडे गेलेले तीन सिनेमे घ्या : ‘अवतार’, ‘टायटॅनिक’ आणि ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’. तिन्हींचा दिग्दर्शक एकच. जेम्स कॅमेरॉन. एखाद्या बॅट्समननं सलग तीन ट्रिपल सेंच्युऱ्या मारल्यासारखा प्रकार आहे हा.

आणि ट्रकची गोष्टही खोटी नाही. प्रॉब्लेम एवढाच, की ती ट्रेलरसारखी आहे. मधलं सगळं कापलेलं. हे मी इतक्या खात्रीनं सांगू शकते, कारण याच ट्रेलरवर विश्वास ठेवून मी एकदा तोंडावर आपटलेय.

माझाही कॅमेरॉन मोमेंट

डिसेंबर २००९. मंदीचे दिवस, मी बेंचवर. रोज ऑफिसला जायचं, कार्ड स्वाइप करायचं आणि कुणी प्रोजेक्टवर घेतंय का याची वाट बघत बसायचं. अशात एका रविवारी ‘अवतार’ बघितला. डोळ्यांवर थ्रीडी गॉगल, हातात पॉपकॉर्न. बाहेर आले तेव्हा अंधेरीचं ट्रॅफिकसुद्धा निळं दिसत होतं! रात्री कॅमेरॉनविषयी मिळेल ते वाचून काढलं. ट्रक ड्रायव्हर, स्टार वॉर्स, राजीनामा. झालं. डोक्यात बसलं.

एप्रिल २०१० मध्ये, अप्रेझलच्या ऐन सीझनमध्ये, मी पेपर टाकले. सगळ्या फ्लोअरला एक लांबलचक फेअरवेल मेलही पाठवला. ‘स्वप्नांचा पाठलाग’ वगैरे शब्द होते त्यात. आज आठवलं तरी कान लाल होतात.

माझ्याकडे काय होतं? एका सिनेमाची आयडिया. स्क्रिप्ट नव्हतं. मी आयुष्यात एकदाही सेटवर उभी राहिलेली नव्हते. कॉलशीट म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. दिवाळीपर्यंत सेव्हिंग संपलं आणि तीन अर्धवट स्क्रिप्ट्स जमली. त्या वर्षाच्या शेवटी मी परत नोकरीत होते, आधीपेक्षा कमी पॅकेजवर.

तेव्हा वाटलं, आपल्यात टॅलेंट नाही. नंतर कधीतरी कॅमेरॉनचं करिअर नीट, सलग वाचलं आणि लक्षात आलं, की टॅलेंटचा प्रश्न पुढचा. मी त्याची कॉपीसुद्धा धड केली नव्हती!

झेरॉक्सवाला कोर्स

मूळ गोष्ट अशी आहे. जन्म १९५४ चा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या कापुस्केसिंग नावाच्या छोट्या गावात. वडील इलेक्ट्रिकल इंजिनीअर, आई चित्रं काढणारी. म्हणजे मशीन आणि चित्र, दोन्ही घरातच. १९७१ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियाला आलं. पोरानं फुलर्टन कॉलेजात आधी फिजिक्स घेतलं, मग इंग्लिश, मग कॉलेजच सोडलं. पोटासाठी झाडलोटीची कामं केली, ट्रक चालवला.

आता ट्रेलरमधून कापलेला सीन. हा ट्रक ड्रायव्हर वेळ मिळेल तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या लायब्ररीत जाऊन बसायचा. तिथं फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असायचे. ऑप्टिकल प्रिंटिंग कसं करतात, फ्रंट प्रोजेक्शन म्हणजे काय, फिल्मचं रसायनशास्त्र काय, असले रुक्ष विषय. मिळेल त्याची झेरॉक्स काढायची, नाहीतर हातानं नोट्स उतरवायच्या, आणि घरी फायली लावायच्या. अ‍ॅडमिशन नाही, फी नाही, डिग्री नाही. झेरॉक्सच्या खर्चात आख्खा कोर्स!

१९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. सिनेमा बघून तो भारावला, हे खरंच. पण त्याहून जास्त वैतागला. आपल्या डोक्यातलं काम दुसऱ्यानं करून दाखवलं, म्हणून. ट्रक सुटला तो त्या वैतागातून.

मग काही डेंटिस्ट मंडळींनी पैसे घातले आणि त्यानं मित्राबरोबर १९७८ मध्ये ‘झेनोजेनेसिस’ नावाची बारा मिनिटांची फिल्म केली. पहिल्या दिवशी काय झालं असेल? भाड्यानं आणलेला कॅमेरा चालतो कसा, हे कळण्यातच अर्धा दिवस गेला. एवढ्या झेरॉक्स वाचूनही! पण अर्ध्या दिवसात जमलं, ते बहुधा त्या झेरॉक्समुळेच.

अळ्या आणि अ‍ॅक्शन

पुढची नोकरी रॉजर कॉर्मनकडे. कॉर्मन म्हणजे स्वस्तात, झटपट सिनेमे काढणारा हॉलीवूडचा वल्ली. पगार कमी, काम ढीगभर, शिकायला मात्र सॉलिड. कॅमेरॉन तिथं मॉडेल बनवणारा म्हणून लागला. छोटी छोटी अंतराळयानं तयार करायची. ‘बॅटल बियाँड द स्टार्स’ (१९८०) होईपर्यंत तो आर्ट डिरेक्टर झाला होता. ‘गॅलक्सी ऑफ टेरर’ला (१९८१) प्रॉडक्शन डिझायनर.

त्याच सिनेमाचा एक किस्सा हॉलीवूडमध्ये चघळून चघळून सांगितला जातो. तुटलेल्या हातावर अळ्या वळवळतायत, असा शॉट होता. अळ्या ढिम्म. कॅमेरॉननं गुपचूप वायर लावून हलकासा करंट द्यायची सोय केली. ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं, स्विच ऑन, अळ्या नाचायला लागल्या. ‘कट’, स्विच ऑफ, अळ्या गप्प. तिथं उभे असलेले दोन निर्माते चाट पडले. म्हणाले, जो अळ्यांकडून अ‍ॅक्टिंग करून घेतो, तो माणसांकडून का नाही घेणार?

अशा रीतीनं त्याला पहिला सिनेमा मिळाला. ‘पिरान्हा २’. उडणारे मासे माणसं खातात, असला प्रकार. आणि निर्मात्याशी खटके उडून थोड्याच दिवसांत त्याला दिग्दर्शनावरून काढून टाकण्यात आलं. पडद्यावर नाव त्याचं, सिनेमा त्याचा नाही. १९८२ चा ‘पिरान्हा २’ आजही त्याच्या सीव्हीत काट्यासारखा बसलाय.

आपल्याला प्रोजेक्टवरून काढतात, तेव्हा आपण काय करतो? मी तर आठवडाभर कँटीनमध्ये मॅनेजरला शिव्या घालते. कॅमेरॉन रोममध्ये तापानं फणफणला होता. त्या तापात त्याला स्वप्न पडलं. आगीतून एक धातूचा सांगाडा बाहेर येतोय, फरपटत. जागा झाल्यावर त्यानं ते लिहून काढलं. तोच ‘टर्मिनेटर’.

एक डॉलरचा सौदा

स्क्रिप्ट तयार झालं. आता बघा हं, इथं खरी गंमत आहे. काढून टाकलेल्या दिग्दर्शकाला नवा सिनेमा कोण देणार? स्क्रिप्ट विकत घ्यायला लोक तयार होते, पण दिग्दर्शक दुसरा हवा होता. हातात पैसा नाही, समोर चेक आहे. कॅमेरॉननं काय करावं? कॉर्मनकडेच ओळख झालेल्या गेल अ‍ॅन हर्डला त्यानं ‘टर्मिनेटर’चे हक्क विकले. किंमत एक डॉलर. अट एकच, दिग्दर्शन मीच करणार.

हा सौदा वेडेपणाचा वाटतो. पण नीट बघितलं तर कळतं, की त्यानं फक्त पैशांवर पाणी सोडलं. खुर्ची सोडली नाही. आपण अप्रेझलला उलटं करतो. काम कुठलं मिळणार, शिकायला काय मिळणार, हे विचारायचं राहून जातं आणि भांडण होतं ते दोन टक्क्यांवर.

नंतर शूटिंग पुढे गेलं, कारण अर्नोल्ड श्वार्झनेगर आधीच ‘कोनान’च्या दुसऱ्या भागाला बांधलेला होता. म्हणजे कॅमेरॉन चक्क बेंचवर! त्या रिकाम्या महिन्यांत त्यानं ‘रॅम्बो’च्या दुसऱ्या भागाचं स्क्रिप्ट लिहिलं आणि ‘एलियन’च्या दुसऱ्या भागाचा आराखडाही केला. मी माझ्या बेंचच्या महिन्यांत सॉलिटेअरमध्ये प्रावीण्य मिळवलं होतं, हे इथं कबूल करते.

१९८४ मध्ये ‘टर्मिनेटर’ आला. खर्च साधारण ६४ लाख डॉलर, कमाई साडेसात कोटींच्या वर. आणि तोवर ‘एलियन्स’चा कागद तयार होताच. १९८६ मध्ये तोही हिट. सिगॉर्नी वीव्हरला त्यासाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. अ‍ॅक्शनपटातल्या बाईला अभिनयासाठी असा मान मिळणं तेव्हा अगदीच दुर्मीळ होतं.

पाणी, पाणी आणि पाणी

या माणसाला पाण्याचं वेड आहे. ‘द अबिस’साठी (१९८९) त्यानं साउथ कॅरोलायनातल्या एका अर्धवट सोडलेल्या अणुवीज प्रकल्पाची टाकी पकडली आणि त्यात ७५ लाख गॅलन पाणी भरलं. नट, कॅमेरे, सगळे पाण्याखाली. एकदा त्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा संपली आणि तो मरता मरता वाचला. सिनेमा बेताचाच चालला. पण त्यात पाण्याचा एक जिवंत सोंडेसारखा आकार होता, कॉम्प्युटरवर केलेला. पडद्यावर जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटातून पुढचं दार उघडलं. दोनच वर्षांनी ‘टर्मिनेटर २’मध्ये (१९९१) पाऱ्यासारखा वितळणारा व्हिलन आला आणि जगानं तोंडात बोट घातलं.

म्हणजे बेताच्या चाललेल्या सिनेमात शिकलेलं, पुढच्या ब्लॉकबस्टरला कामी आलं. कॅमेरॉनच्या सीव्हीत हे वारंवार होतं.

‘टायटॅनिक’चं तर काय सांगायचं! स्टुडिओला त्यानं आयडिया विकली ती थोडक्यात : टायटॅनिकवरचे रोमिओ आणि ज्युलिएट. पण त्याआधी, १९९५ मध्ये, तो पाणबुडीतून बारा वेळा खऱ्या टायटॅनिकच्या सांगाड्यापर्यंत जाऊन आला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, रोसारितोला, मोठ्या टाकीत जवळजवळ आख्खं जहाज उभं केलं. खर्च २० कोटी डॉलरवर गेला. तोवरचा जगातला सगळ्यात महागडा सिनेमा. रिलीज जुलै १९९७ वरून डिसेंबरवर ढकललं गेलं. पेपरवाल्यांनी जहाजाबरोबर सिनेमाही बुडवून टाकला होता, तोही आधीच.

तेव्हा कॅमेरॉननं आपली दिग्दर्शनाची फी आणि नफ्यातला वाटा सोडून दिला. परत एक डॉलरचाच सौदा, फक्त या वेळी आकडे मोठे. प्रेक्षकांचं काय झालं, ते माहितीय. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला २ कोटी ८६ लाख डॉलर, म्हणजे ठीकठाक. पण नंतर गर्दी ओसरेचना. सलग पंधरा आठवडे पहिल्या नंबरवर. चौदा नॉमिनेशन्स, अकरा ऑस्कर. १०० कोटी डॉलर ओलांडणारा जगातला पहिला सिनेमा. स्टुडिओनंही नंतर त्याला घसघशीत रक्कम दिली.

आपल्याकडे १९९८ मध्ये आला तेव्हा मी शाळेत होते. ज्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्या माझ्या आत्यासुद्धा बघून आल्या आणि दोन दिवस डोळे पुसत होत्या.

बारा वर्षांची सुट्टी?

आता सांगा, एवढं यश मिळाल्यावर तुम्ही काय कराल? पुढच्याच वर्षी ‘टायटॅनिक २’? कॅमेरॉननं बारा वर्षं एकही कथापट केला नाही. ‘अवतार’ची साधारण ऐंशी पानं त्यानं नव्वदच्या दशकातच लिहून ठेवली होती. पण डोक्यातलं जग पडद्यावर आणायला लागणारं तंत्रज्ञान तेव्हा तयार नव्हतं. मग तो थांबला. नुसता बसला मात्र नाही. समुद्राच्या तळाशी जाऊन डॉक्युमेंटऱ्या केल्या आणि त्यासाठी सहकाऱ्यांबरोबर थ्रीडी कॅमेरे विकसित केले. म्हणजे एकीकडे हौस, दुसरीकडे पुढच्या सिनेमाची तालीम.

२००९ मध्ये ‘अवतार’ आला. नाव आपल्या संस्कृतचं, कातडी निळी, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच आपला वाटला. री-रिलीज धरून कमाई २९० कोटी डॉलरच्या वर. २०१० च्या ऑस्करला मात्र बेस्ट पिक्चर आणि बेस्ट डिरेक्टर दोन्ही गेली ‘द हर्ट लॉकर’ला. दिग्दर्शक कॅथरिन बिगेलो. कॅमेरॉनची घटस्फोटित बायको! दिग्दर्शनाचं ऑस्कर घेणारी ती पहिली बाई. हा सीन कुठल्या स्क्रिप्टमध्ये लिहिला असता, तर निर्मात्यानं ‘फारच फिल्मी आहे’ म्हणून कापला असता.

बॉस म्हणून? नको रे बाबा!

इथवर वाचून तुम्हाला त्याच्या हाताखाली काम करावंसं वाटत असेल, तर थांबा. सेटवर त्याचा पारा कुप्रसिद्ध होता. त्याच्या युनिटमध्ये टी-शर्ट निघाले होते. मजकूर साधारण असा : मला घाबरवू नका, मी जिम कॅमेरॉनकडे काम करतो. ‘एलियन्स’च्या वेळी इंग्लंडमधल्या युनिटशी चहाच्या सुट्टीवरून वाजलं होतं. ‘द अबिस’नं नटांना रडवलं. ‘टायटॅनिक’नंतर केट विन्स्लेटही उघड बोलली होती, की याच्याबरोबर परत काम करायचं तर भरपूर पैसे लागतील. लग्नं पाच. तीस-पस्तीस वर्षं असं काम केलं की त्याचं बिल कुणीतरी भरतंच, आणि ते दर वेळी स्वतःच भरतो असं नाही. हेही ट्रेलरमध्ये नसतं.

पुढे तो निवळला, असं बरोबरचे लोक सांगतात. केट विन्स्लेट २०२२ च्या ‘द वे ऑफ वॉटर’मध्ये परत आली, आणि आली ती कशी? त्या सिनेमाच्या तयारीत तिनं पाण्याखाली सात मिनिटं पंधरा सेकंद श्वास रोखून दाखवला. डिसेंबर २०२५ मध्ये तिसरा ‘अवतार’, ‘फायर अँड अ‍ॅश’, आला तेव्हा कॅमेरॉन एकाहत्तर वर्षांचा होता.

आणि हो, तो हात लावेल ते सोनं, असंही नाही. तो निर्माता असलेला, कथेतही वाटा असलेला ‘टर्मिनेटर : डार्क फेट’ २०१९ मध्ये चांगलाच आपटला.

पुन्हा टपरीवर

हे सगळं मी त्या शुक्रवारी मित्राला सांगितलं. चार कटिंग झाल्या. सीप्झच्या बसेस भरून निघून गेल्या. तो गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे तू म्हणतेस, सोडू नको?’’

खरं सांगू? मला तेही म्हणायचं नव्हतं. कॅमेरॉननं ट्रक सोडलाच की. सोडलाच नसता, तर आज कॅलिफोर्नियात एक फार हुशार, फार चिडका ट्रक ड्रायव्हर रिटायर झाला असता. पण ट्रक सोडायच्या आधीच त्याच्या घरात फायलींचा ढीग होता. माझ्याकडे फक्त फेअरवेल मेल होता.

‘‘तुझ्या फायली कुठायत?’’ मी विचारलं. ‘‘सेटवर कधी गेलायस?’’

तो चिडला. ‘‘तू पण माझ्या बाबांसारखीच बोलायला लागलीस,’’ म्हणाला आणि अंधेरीची रिक्षा पकडून निघून गेला. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. आपलं फसलं म्हणून दुसऱ्याच्या आड येतोय का आपण? हा प्रश्न मला अजूनही पडतो.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, लिफ्टमध्ये भेटला. चेहरा आणि हात उन्हानं रापलेले. ओळखीच्या कुणाची तरी शॉर्ट फिल्म होती म्हणे, वसईला. शनिवार-रविवार फुकट राबून आला. दोन दिवस काय केलं, तर नटाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून भर उन्हात थर्मोकोल धरून उभा.

‘‘सॉलिड दुखतायत हात,’’ तो म्हणाला. आणि मग सहाव्या मजल्यापर्यंत, सकाळचा उजेड आणि चारचा उजेड यांत काय फरक असतो, हे मला समजावत राहिला. शॉट जुळत नाही म्हणे. माझ्या तीनही स्क्रिप्ट्समध्ये मी ‘सकाळ’ एवढंच लिहिलं होतं.

मेल अजून ड्राफ्ट्समध्येच आहे. डिलिट केलेला नाही, पाठवलेलाही नाही. पुढच्या शनिवारी परत वसई.

चौकट : कॅमेरॉन फटाफट

• ‘टायटॅनिक’मध्ये जॅक रोझचं चित्र काढतो, तो क्लोजअपमधला हात कॅमेरॉनचा आहे. तो डावखुरा, लिओनार्दो उजवा. म्हणून शॉट उलटा करून वापरला!

• अर्नोल्डला ‘टर्मिनेटर’मध्ये आधी हीरो काइल रीसच्या रोलसाठी बोलावलं होतं. जेवणाच्या टेबलावर बोलता बोलता तो व्हिलन झाला.

• २६ मार्च २०१२ ला कॅमेरॉन एकटाच पाणबुडीतून पॅसिफिक महासागरातल्या चॅलेंजर डीपच्या तळाशी गेला. खोली जवळजवळ ११ किलोमीटर. तिथं एकट्यानं जाणारा तो पहिला माणूस.

• डीव्हीडी कपाट भरायचंय? सुरुवात ‘टर्मिनेटर २’पासून करा. ‘पिरान्हा २’ सगळ्यात शेवटी. पण बघा जरूर. आपला पहिला प्रोजेक्ट इतका वाईट नव्हता, असं वाटून रात्री झोप चांगली लागते.